लाल टोपीचे पाहुणे

अहो, टावर चौकात भाजी घेताना मागून कानावर पडलं, "फिलोमिनाबाईंचा भाऊ, तो कार्डिनल, रिटायर झाला. आता कायमचा इथेच..." पुढचं ऑटोच्या हॉर्नमध्ये गेलं. मी तडक बाईंकडेच!

बाई आमच्या शेजारच्या, जुन्या नर्स, एकट्याच राहतात. विचारलं तर म्हणाल्या, "येतोय खरा. राहिला तर बरं होईल हो, वहिनी." दुसरा पलंगसुद्धा घालून ठेवला होता.

भाऊ आले, डोक्यावर छोटी लाल टोपी. कार्डिनल म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्मगुरू, जन्मभर परदेशात चर्च सांभाळलेले, पण बोलायला एकदम साधे. मी पोहे-जलेबी घेऊन हजर, अन् सवयीने त्यांच्या कपाळाला कुंकूच लावलं! बाई दचकल्या. ते हसले, पुसलं नाही. मग मला धीर आला.

"फादर, टोपी लालच का?"

"धर्मासाठी रक्त द्यायची तयारी असावी, म्हणून."

"अन् बहिणीसाठी राहायची तयारी?"

"वहिनी, बस करा!" बाई ओरडल्या.

ते मात्र पलंगाकडे बघत राहिले. मग फोन लावून कुणाला तरी म्हणाले, "उद्याचं तिकीट कॅन्सल करा. क्रिसमसनंतरचं काढा."

तर कायमचे काही राहिले नाहीत. पण यंदाचा क्रिसमस बाईंनी एकटीने नाही काढला.