दर सोमवारी मळणारा फोटो

व्यासपीठावरचे अध्यक्ष उसुइसाहेब, ज्यांचा आज सत्कार आहे त्या ओनोदेरा हात्सुएसान, म्हणजे आपली आजी, आणि चपला काढून चटयांवर बसलेल्या माझ्या बंदरवासीयांनो,

माझं आयुष्य बदललं ते आजीने माझ्या हातावर चापट मारली त्या क्षणी. महिनाभर मदत करायला आलो होतो. त्सुनामीच्या चिखलातून निघालेला पहिलाच फोटो मी गरम पाण्यात बुडवला. "अरे कॉलेजबुडव्या, फोटो धुतोयस की नूडल्स उकडतोयस? गार पाणी घे! कडेपासून सुरू कर, चेहऱ्याला शेवटी हात लाव." शेजारी फोटो धुणारी चितोसे हसली. झालं, कॉलेज तिथेच सुटलं. अध्यक्षसाहेब, हे माझ्या वडिलांना कळवू नका.

आता, चिखलातले फोटो धुवून मालकांना ओळखता यावेत म्हणून दोरीवर लावणाऱ्या आपल्या या फोटोघराचं ते रहस्य. नावेवर उभा, हातात मासा धरलेला एक माणूस. त्याचा फोटो धुवून दोरीवर लावावा, तर सोमवारी पुन्हा चिखलाच्या टोपलीत! ड्रायव्हर इवाबुची म्हणाले, "भूत आहे." आजी म्हणाली, "भुताला रविवारचीच सवड मिळते होय?" मी तर तापून कुलूप आणायला निघालो. कारण दर धुण्याला त्याचा चेहरा थोडा विरघळत होता.

शेवटी एका रविवारी दुपारी टोपलीपाशी सापडलं कोण? चितोसे. तिच्याच सांगण्यावरून बोलतोय हं, आज सकाळी म्हणाली, "तूच सांग, मला बोलणं जमणार नाही."

मी ओरडलोच, "वेडी आहेस का? चेहरा जाईल ना!"

"दोरीवर लागला की लोक म्हणतात, सापडला. बाबा अजून सापडलेत कुठे?"

माझा ओरडा ऐकून आजी आली. आजीने फोटो घेतला, सगळा धुतला, चेहऱ्यावरचा चिखल तेवढा ठेवला. "हा मी नाही धुणार, पोरी. तुझं तू बघ."

मंडळी, फोटोघर आज बंद होतंय. कुणी न नेलेले फोटो उद्या देवळात अग्नीला द्यायचे आहेत. तो फोटो अजून आत, धुण्याच्या खोलीतच आहे. मी लग्नाचं विचारलं तेव्हाही चितोसे म्हणाली होती, "आधी तो चेहरा धुवून होऊ दे." तेव्हा यात माझा स्वार्थ नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणू?

आजी, तुझ्याविषयी खूप बोलायचं होतं, पण... थांबा. चितोसे उठली. बाह्या सरसावत धुण्याच्या खोलीत गेली.

भाषण अर्धवट राहतंय. सवयच आहे मला. आजी, अध्यक्षसाहेब, सगळ्यांचे आभार. कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. सूप गार होण्याआधी जेवायला बसा. तिला पाणी ओतायला कुणीतरी लागेल, मी जातो. आणि हे दार मी लावून घेतोय, कृपा करून कुणी ठोठावू नका.