फुगा उगीच दाबू नका

—नाही, तो फुगा दाबायचा नाही, बाई. नुसता हातात धरायचा. दाबलात की इथे माझ्या टेबलावर घंटा वाजते, मी धावत येते, आणि तुमची तक्रार काय, तर उशी नीट नाही. उशी नीट आहे. आणि आता बोलू पण नका — तोंड उघडलं की पोट हलतं, पोट हललं की पाठ हलते, पाठ हलली की फिल्म पुन्हा काढा. पहिली गेलीच ना वाया. का गेली, सांगू? आत सरकल्या सरकल्या तुम्ही डाव्या पायाची बोटं वरखाली करायला लागलात. मी काचेतून बघत होते. जन्मभर शाळेत पोरांना कवायत शिकवली म्हणून एमआरआयच्या बोगद्यात शिरूनही कवायत करायची, असं दुसरं कुणी केलेलं मला आठवत नाही. आता स्वस्थ पडा. सावधान नाही, विश्राम. खांदे सोडा. सोडलेत? नाही सोडलेत. राहू द्या, खांद्यांची फिल्म नाहीये.

कसं आहे बघा — म्हणजे बघू नका, ऐका — या बटणाचा लाल दिवा लागला की माझा आवाज हेडफोनमधून तुमच्या कानांत येतो. मशीन सुरू झालं की मी बटण बंद करते, मध्ये थांबलं की परत बोलते. तुमची शिट्टी इथे माझ्यासमोर ठेवलीय, काळजी नको. पितळेची असली म्हणून काय झालं, आत काहीच न्यायचं नाही म्हणजे नाही, नियम म्हणजे नियम — हे वाक्य कुणाचं? तुमचंच. गळ्यातून काढताना चेहरा असा केलात, जशी काही मी किडनीच मागत होते. पण एक सांगू? मला मजा येतेय. लग्न होऊन तुमच्या घरी आले तेव्हापासून पहिल्यांदाच असं होतंय, की सून बोलतेय आणि सासू मध्ये बोलत नाहीये. आता आवाज येईल, ठोकल्यासारखा. हलू नका.

—झालं. ही चांगली आली. शाबास. बघा, तुम्ही मला कधी शाबास म्हणाला नाहीत, मी म्हटलं. हे मशीन थोडा वेळ घेतं पुढच्या फिल्मआधी, तोवर श्वास घ्या हवा तेवढा. तर मी काय म्हणत होते — हो, शिट्टी. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एक वाजली की समजायचं न्हाणीघरात बाई आहेत, दोन वाजल्या की चहा झाला, उठा. घर होतं का मैदान? तुमचा मुलगा तुमच्याच शाळेत शिकला म्हणून घरीसुद्धा तुम्हाला आई म्हणायचं विसरला, बाई म्हणायला लागला, मग मी तरी काय वेगळं म्हणणार. पहिल्याच आठवड्यात दोन शिट्ट्या ऐकून मी पलंगावरून उठून चक्क रांगेत उभी राहिले होते. नवऱ्याच्या मागे. तुम्ही म्हणालात, पाठीला पोक काढू नकोस. माझी पाठ! आणि आता कुणाची पाठ मशीनमध्ये आहे? जाऊ दे. पडलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात.

गुडघा, गुडघा, गुडघा — वर्षभर एकच. शेजारच्या काकूंचा गुडघा रोबोटने बदलला, त्या बागेत फेऱ्या मारतात, म्हणून आपलाही बदलायचा, आणि तोही रोबोटनेच, माणसाने हात लावायचा नाही. मी म्हटलं, बाई, रोबोट एकटा येत नाही हो, त्याच्या मागे डॉक्टर उभाच असतो, रोबोट फक्त माप चुकू देत नाही. तुम्ही म्हणालात, माप न चुकणारं कुणीतरी आहे म्हणजे जगात. मग उभं राहून एक्स-रे काढला, हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला आणि म्हणाले, या वयाच्या मानाने गुडघा झकास आहे. तुम्हाला आनंद व्हायचा सोडून राग आला. मग ते म्हणाले, जरा टाचेवर चालून दाखवा. डाव्या पायाने चाललात. उजवा पंजा वर उचललाच गेला नाही. तेव्हा तुमचं तोंड मी बघितलं. डॉक्टर म्हणाले, दुखणं गुडघ्यात दिसतंय पण उगम कमरेत आहे, मणक्याची नस दबत असणार, एमआरआय करा, आणि मी सांगतो तसं निघालं तर ऑपरेशनला उशीर नको. आणि तुम्ही काय म्हणालात? फिल्म काढते, ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही. वर चपला घालून बाहेर. उजवी चप्पल पायातून निसटली ती मीच उचलून आणली.

मला माहितीय का ते. तुमच्या शाळेतले चित्रकलेचे सर. पाठीचं ऑपरेशन झालं आणि परत उभे राहिले नाहीत, तुम्ही शेवटपर्यंत त्यांना भेटायला जायचात. पण तो काळ वेगळा, बाई. तेव्हा पाठ उभी चिरायचे. आता बोटाच्या पेराएवढी चीर, आत दुर्बीण, नसेवर आलेला दोन मणक्यांमधल्या चकतीचा तुकडा तेवढा काढायचा, बाकी कशाला हात नाही. पुष्कळ जणांना त्याच संध्याकाळी धरून चालवतात. स्क्रू घालतात ते मणका जागचा सरकला असेल तरच. इंजेक्शनही देतात, नुसतं दुखत असेल तर — पण पंजा उचलत नसेल तर इंजेक्शनने वेळ काढत बसू नये. धोका नाही असं नाही म्हणणार, धोका जिना उतरतानाही असतो, तुम्हाला तर सध्या जास्तच. बरं, आता मोठी फिल्म आहे, ही लांबते. मी बटण बंद करते. तुम्ही अजिबात हलायचं नाही.

हं. वाज रे बाबा, वाज जोरात. आता तुम्हाला काही ऐकू येत नाही, म्हणून बोलते, नाहीतर माझी काय टाप आहे. मी फिल्म काढणारी, फिल्ममध्ये काय दिसतं ते पेशंटला सांगायचं नाही, तो रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांचा मान. रोज किती पाठी येतात, सगळ्यांना मी एकच सांगते, डॉक्टर सांगतील. पण ही बघा ना — ही इथे, खालून दुसरी चकती. केवढी बाहेर आलीय. नस चेपूनच गेलीय बिचारी. मला नको होतं हे बघायला. मला वाटलं होतं काहीतरी किरकोळ निघेल, तुम्ही मला टोमणे माराल, उगीच वेळ घालवलास म्हणाल. ही नस अशीच दबून राहिली ना बाई, तर पुढे मोकळी करूनही पाय ऐकत नाही. मग चित्रकलेच्या सरांसारखी गत तुमची ऑपरेशन न करताच होईल.

आणि न्हाणीघरात पडलात ते मला ठाऊक आहे. बादली पडली म्हणालात. बादली पडून कोपर खरचटत नाही. तुमच्या मुलाला मी सांगितलं नाही, का सांगितलं नाही मलाच कळत नाही, वाटलं की बोललं तर खरंच होईल. त्या दिवसापासून शिट्टी बंद झाली, लक्षात आलंय का तुमच्या? मीच आपली चहा घेऊन खोलीत येते, तुम्ही म्हणता, ठेव. ठेव काय? मी इतकी वर्षं या शिट्टीच्या नावाने बोटं मोडली, इथे सगळ्यांना नक्कल करून दाखवली, आणि आता सकाळी डोळे उघडून पडून राहते, वाजेल म्हणून. मला ती शिट्टी पाहिजे, बाई. तुम्ही अंथरुणाला खिळाल आणि सून काही बघायची नाही, हीच ना भीती? तुमच्या लेकीला, ताईंना फोनवर सांगत होतात, दार उघडं होतं. बघेन मी. तक्रार करत बघेन, आदळआपट करत बघेन, पण बघेन. मला आई लहानपणापासूनच नव्हती, पोक काढू नकोस असं मला कुणी म्हटलंच नव्हतं, तुम्ही म्हणालात. आता मी काय ही फिल्म बघून गप्प —

थांबलं. झालं, बाई, छान पडून राहिलात. आता मी बटण चालू —

दिवा लालच आहे.

मी बंद केलं होतं ना? केलं होतं. की नाही केलं? … बाई, कितपत ऐकू आलं? नको, बोलू नका, बोलू नका, पाठ हलेल. मला कळायला पाहिजे होतं, तुमचे खांदे सुटलेत. दिसताहेत मला इथून.

बरं. झालं ते झालं. आता ऐकलंच आहे तर एकदाच विचारते, परत विचारणार नाही. बाहेर डॉक्टर थांबलेत, रिपोर्ट बघून उद्याच ऑपरेशनला घेतो म्हणाले होते. उत्तर तोंडाने नको. फुगा आहे हातात. तुमच्याच हिशेबाने — एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.

वाजली. एक.

बरं. ठीक आहे. पाठ तुमची, पाय तुमचा, मी कोण सांगणारी. जबरदस्ती तर नाही ना करता येत. घरी जाऊ, न्हाणीघरात दांडा बसवून घेऊ धरायला, तुमच्या मुलाला मी सांगते काय ते, आणि बादलीचं —

दोन.

दोनच ना? चुकून नाही ना दाबलात? नाही, नाही, परत दाबू नका, तीनचा अर्थ आपल्यात ठरलेला नाही.

शेवटची एक फिल्म राहिलीय, अगदी छोटी. आणि रडू नका, बाई, पोट हलतं, सगळं बिघडेल. माझं चालतं, मी काचेच्या अलीकडे आहे. आता बटण बंद करतेय. या वेळी खरंच.