बदामाखालचे पाहुणे

बोर्डीच्या बसच्या रांगेत जयश्रीने पुढच्या दोघींच्या बोलण्याला कान लावला.

"बकुळाताई, तुमच्या सोनलला बघायला पाहुणे आलेले ना?"

"आले गं! बदामाच्या सावलीत बसवले. तेवढ्यात आमच्या ह्यांना झाडावरचे सुरवंट आठवले. कालवलेलं औषध वाया जाईल म्हणे! चिकू काढायच्या बांबूला पंपाची नळी बांधली नि मारलं शेंड्यावर."

"मग?"

"मग काय, पटापटा खाली! मुलाच्या वडलांच्या सदऱ्यात तीन. नाचायलाच लागले ते."

"अगं बाई! नकार आला?"

"कसला नकार! मुलगा नि सोनल हसून हसून लोळले. जमलं लग्न."

"आणि उरलेले सुरवंट?"

"सकाळपासून जावईबापू पंप घेऊन झाडावर आहेत. अन् व्याह्यांनी ह्यांना बरोब्बर खाली खुर्ची टाकून दिलीय."