रांगण्याहून परतताना

रांगण्याचं नाव काढलंत म्हणून सांगतो. अठ्ठावन्न साल असेल. आमचा मित्र वसंत त्या पावसाळ्यात तापाने गेला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे धामापूरहून चालत रांगणागडावर निघालो, तर त्याचे वडील, गोपाळकाका, खांद्यावर कांबळं टाकून वाटेत उभे.

"माका येव दे तुमच्यावांगडा," एवढंच म्हणाले. नाही कसं म्हणणार?

 गडावर ते पडक्या तटाला हात लावून बराच वेळ उभे राहिले. 

चौथ्या दिवशी दुपारी परत येऊन धामापूरच्या तळ्यावर पाय धुवायला बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काका, दमलात मां? चार दीस चाललंव आपण."

"चारच दीस झाले रे?"

"होय, चारच."

त्यांनी ओंजळभर पाणी पायांवर घेतलं. मग म्हणाले, "गेल्या वर्सा रांगण्याक जावक वसंतान माझ्याकडे इतकेच दीस मागल्यान. मिया म्हटलंय, भात कोण कापतलो?"

त्यांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. उठून तिथे जायला आम्हाला संध्याकाळ झाली.