डॉक्टरांच्या मापाची खुर्ची

अहो, नीट बसा ना डॉक्टर, पाहुण्यासारखं कडेला काय टेकलाय — मागं सरका, अजून, हां, आता पाठ सोडून द्या तिच्यावर — काय? टोचतंय? टोचेल कसं, अख्ख्या खुर्चीत एक खिळा नाही, अक्रोडाच्या एका फळीतून ही पाठ कोरून काढलीय, लाटेसारखी — हात फिरवून बघा, कुठं सुरुवात, कुठं शेवट, कळतं का? नाही कळत! मलाच कळत नाही! — डाव्या खांद्याखाली टोचतंय? आणि गुडघे... गुडघे हनुवटीशी आलेत की हो तुमचे! हसू नका, तुम्ही हसलात की मलाही आवरत नाही — थांबा, टेप कुठाय — माप तर मी स्वतः घेतलं होतं तुमचं, इथंच, या खिडकीपाशी —

अरे देवा.

नाही, काही नाही. म्हणजे, आहे. त्याचं काय झालं, अशा खुर्चीला नुसतं माप पुरत नाही, माणूस बसवावा लागतो. बैठकीवर निळी पूड चोळायची, माणसाला बसवायचं, उठवायचं — जिथली पूड पुसली गेली तिथं लाकूड उंच, तिथं गोल पटाशी चालवायची. मग परत पूड, परत बसा. तुम्हाला किती निरोप धाडले? तुम्ही आलात? तुमचे पेशंट काही तुम्हाला सोडेनात. मग बसवू कुणाला? माझ्या ताईला बस म्हटलं, तर ती म्हणाली, माझी साडी काय रस्त्यावर पडलीय? तेव्हा मग पॉलिशवाल्या बाई म्हणाल्या, बसते मी, मिस्त्री, त्यात काय. त्या येतातच ना इथं, लाखेचं पॉलिश त्यांच्यासारखं कुणाचं नाही, बोळा असा फिरवतात की लाकूड आतून उजळतं — तर त्या बसल्या. पाय टेकत नाहीत म्हणाल्या, म्हणून खुर्चीचे पाय कापले जरासे. जरासेच हो! मग डावा खांदा — तो त्यांचा किंचित खाली आहे, बोळा धरून धरून — तर पाठीला तिथं उठाव ठेवला, आधाराला. मग खुर्चीच्या हातांवर मनगट टेकेना, तर ते हात खोलगट केले. महिने गेले. तुम्ही फोन केलात की मी सांगायचो, लाकूड अजून ओलंय. ओलं कसलं, खडखडीत वाळलेलं लाकूड! पण खुर्ची झाली म्हणजे पॉलिश झालं, आणि पॉलिश झालं म्हणजे बाई कशाला येतील इथं?

हे मी तुम्हाला का सांगतोय?

ताई रोज चहा घेऊन यायची आणि दारातनं म्हणायची, अरे, खुर्ची करतोयस की मागणी घालतोयस? मी म्हणायचो, डॉक्टरांची खुर्ची आहे, काहीतरी बोलू नकोस. आणि खरंच वाटत होतं हो मला तसं! शपथेवर सांगतो, आत्ता तुमचे गुडघे वर आलेले बघेपर्यंत मला वाटत होतं, मी तुमचीच खुर्ची करतोय! या वयात, अहो, डोक्यावर भुसा पडला की पांढऱ्या केसांत दिसतसुद्धा नाही आता, आणि बघा काय करून बसलोय — तुम्ही रागावला नाहीत ना? नाही ना? दुसरी करतो तुमची, याहून देखणी, पण बसायला तुम्हीच यायचं, नाहीतर ती पण अशीच होईल! — काय म्हणालात? त्यांना ठाऊक आहे का? छे, कसं असेल? मी बोललोय का कधी? बोलायचं काय त्यात — म्हणजे असतीलही समजल्या, आपल्या मनगटाएवढाच खळगा बघून बाईमाणसाला समजत नाही होय? मग त्या काही बोलल्या कशा नाहीत? येत मात्र राहिल्या. रोज. पॉलिशचं काम नसतानाही, डॉक्टर, मागचा सगळा महिना, काम नसतानाही —

आज शेवटचा हात द्यायला येणार आहेत. मग संपलं. विचारू? विचारतोच. काय होईल, नाही म्हणतील — अहो, नाही म्हणाल्या तर मी काय करू?

उठा, उठा तुम्ही तिच्यातनं! फाटक वाजलं. गुडघे आवरा — या बाई, या. नाही, डबा तिथंच राहू दे, पॉलिश नको आज. ही खुर्ची जात नाही कुठं. का म्हणजे... बसा, सांगतो. आधी बसा — डॉक्टर, तुम्ही अजून इथंच?