मालकिणीने मशीनवर बसू नये

"काका, तुमचं स्वतःचं दुकान कुठे आहे हो?"

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून बसच्या रांगेत मी विचारलंच. पुढे उभे असलेले एक काका आपल्या भाचीला शिवणाच्या दुकानाबद्दल सल्ले देत होते.

"बंद केलं. गिऱ्हाइकं फार डोकं खायची." मग भाचीकडे वळून, "तर आधी झगमगती पाटी, मग फिरती खुर्ची."

"मामा, त्यातच माझी सगळी शिल्लक संपेल. मशीन कशातून घेऊ?"

"मालकिणीने मशीनवर बसू नये. शोभत नाही."

"मग शिवायचं कुणी?"

"ठेव कुणाला तरी. जरा मोठा विचार कर."

"मी मशीनच घेते, मामा."

"मग बस जन्मभर शिवत."

"त्यासाठीच तर दुकान काढतेय."

घरी पोचताच मी जाहीर केलं, "आईबाबा, सुट्टीत मी बसच्या रांगेत भेटलेल्या एका ताईकडे शिवण शिकणार आहे. तिला विचारूनच आलेय."