एकाच किल्लीची पेटी

टाळ जरा खाली ठेवा. मृदंगबुवा, हात थांबवा. गजर झाला, देव जागा झाला. आता तुम्ही जागे व्हा.

मंडळी, एक विचारतो. जपून ठेवणं हे पुण्य ना? माना हलल्या. बरं. मग हे सांगा — एकानं आयुष्यभर जपलं, कण सांडू दिला नाही, आणि ज्या दिवशी दुसऱ्याचा जीव त्यावर अडला त्याच दिवशी ते उघडलं नाही. त्या माणसाला काय म्हणायचं? राखणदार, की चोर?

घाईनं उत्तर देऊ नका. आधी ऐका.

आजची कथा पुराणातली नाही, संगणकातली आहे. हसा. मागच्या खांबाजवळचे आजोबा कपाळाला हात लावून बसले — महाराज, आम्हाला कुठं संगणक कळतोय? आजोबा, कुलूप कळतं ना? तेवढं पुरे.

जयसिंगपुरात नेमिनाथ चौगुले नावाचे गृहस्थ होते. टेलिफोन खात्यात तीस वर्षं खांबावर चढले, निवृत्त झाले आणि रक्तदात्यांची यादी करायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं, पगार नव्हता. पंचवीस वर्षांत चार हजार नावं! कुणाचा गट कोणता, शेवटचं रक्त कधी दिलं, कोण पहाटे बोलावलं तरी येतो, कोणाला सुई बघून भोवळ येते — सगळं टिपलेलं. आणि त्या चार हजारांत अकरा नावं सोन्याची. बॉम्बे ग्रूपची.

हा गट काय असतो, ते समजून घ्या; पुढं लागणार आहे. मुंबईत पहिल्यांदा सापडला म्हणून हे नाव. दहा हजारांत एखादाच असा निघतो. साध्या तपासणीत तो 'ओ' दिसतो, पण त्याला 'ओ'चं रक्त दिलं तर ते त्याच्या जिवावर उठतं. त्याला त्याच्यासारख्याचंच रक्त लागतं. आईचं, नवऱ्याचं, सहसा कुणाचंच चालत नाही. म्हणजे कुठल्या गावात कुठला असा माणूस राहतो, हे माहीत असणं हेच औषध.

तर चौगुल्यांचा पसारा मोठा झाला. ईमेल तीन खात्यांत. टिपणं निम्मी वहीत, निम्मी फोनमध्ये. संगणकाच्या पडद्यावर फायली इतक्या की मागचा बाहुबलीच्या मूर्तीचा फोटो दिसेना. पासवर्ड? कॅलेंडरच्या पाठीमागं, पेन्सिलीनं.

एका शिबिरात नंबर विकणाऱ्या कुणा दलालानं टेबलावरच्या यादीचा फोटो काढला. आठवड्याभरात कॉलेजातल्या एका मुलीला घाणेरडे फोन यायला लागले. ती घरी आली, चहा घेतला नाही, एवढंच म्हणाली, "काका, माझं नाव काढून टाका." चौगुल्यांना दोन दिवस अन्न गेलं नाही. ही लाज खरी होती, मंडळी. जो उठतो तो कुलपाला नावं ठेवतो. मी ठेवणार नाही. दुसऱ्यानं विश्वासानं दिलेलं उघड्यावर टाकणारा माणूस दानशूर नसतो, बेपर्वा असतो.

त्यांनी ठरवलं — ईमेल, टिपणं, पासवर्ड, फायली, सगळं एका जागी, कुलपात. तसं सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकातली कुलूपबंद पेटीच, निवडायचं. आणि निवडलं कसं? मुलीला स्थळ बघतात तसं! चार महिने. नऊ सॉफ्टवेअर संगणकात घालून बघितली. आलेखाच्या कागदावर तक्ता आखला, बावीस रकाने. मराठीत शोधता येतं का? इंटरनेट गेलं तर चालतं का? फाईल ओढून टाकता येते का? प्रत्येकाला गुण. शेवटी दोन उरली.

एक होतं रुक्ष. दिसायला तलाठ्याच्या अर्जासारखं. पण त्यातलं प्रत्येक टिपण सुटी साधी फाईल, आणि पेटी दोघातिघांना उघडता येई, ज्याची त्याची वेगळी किल्ली. दुसरं देखणं. चारही गोष्टी एका खिडकीत, हात लावावा तिथं उघडणारं. फक्त किल्ली एक, माणूस एक.

रक्तपेढीत शमशाद मुजावर नावाची परिचारिका होती. पंधरा वर्षं या यादीतल्या माणसांच्या दंडाला फडकं बांधणारी तीच. तिनं तक्ता बघितला, वरून खाली बोट फिरवलं.

"काका, एक विचारू? तुम्ही नसताना कोण उघडणार?"

"मी कुठं जातोय?"

स्वयंपाकघरातून पद्माकाकूंचा आवाज आला, "लग्नात नाव घेताना माझंच नाव विसरले होते, शमशाद. त्यांच्या भरवशावर काही ठेवू नकोस, किल्लीही विसरतील."

सगळे हसले. चौगुलेही हसले. पण तक्त्यात तेविसावा रकाना पडला नाही.

का पडला नाही, सांगू? चौगुले मूर्ख नव्हते. आदल्या वर्षी शाल-श्रीफळ मिळालं होतं, वक्त्यानं त्यांना 'चालताबोलता रक्तकोश' म्हटलं होतं. लोक विचारायचे, एखादा दाता मिळेल का? उत्तर यायचं, चौगुल्यांना विचारा. हे ऐकताना बरं वाटायचं. दुसऱ्याच्या हातात किल्ली गेली की लोक दुसऱ्यालाही विचारणार. हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही. स्वतःला सांगितलं, दोन किल्ल्या म्हणजे धोका दुप्पट. सेवेतला अहंकार असाच असतो, मंडळी. तो 'मी मोठा' असं कधी म्हणत नाही. 'काळजी वाटते' असं म्हणतो.

देखणं जिंकलं. तीन गुणांनी.

दसऱ्याला आपण हत्यारं पुजतो. चौगुल्यांनी संगणक पुजला, आपट्याचं पान ठेवलं आणि पेटीला पासवर्ड घातला. पेटीनं एक कागद छापायला दिला. त्यावर चोवीस शब्द. पासवर्ड हरवला तर हे शब्द टाकायचे, पेटी उघडते. खाली लिहिलेलं — हा कागद दुसऱ्या सुरक्षित हातात द्या. चौगुल्यांनी कागद छापला. घरभर बघितलं. देव्हाऱ्यात ठेवावा तर धुणीभांडीवाली बाई येते. पद्मेकडे द्यावा तर ती त्यावर पापड वाळत घालेल. मग त्यांना युक्ती सुचली. कागद स्कॅन केला, 'अतिमहत्त्वाचे' नावाच्या फोल्डरमध्ये टाकला, ते फोल्डर पेटीत घातलं आणि कागद फाडला.

कळलं का? आजोबा, तुम्हाला कळलं. बाकीचे अजून विचार करताहेत. पेटीची किल्ली पेटीत घातली आणि पेटी लावली!

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. शमशादकडं दात्यांच्या नंबरांची तिची एक वही होती. चौगुल्यांनी ती मागून घेतली, सगळी उतरवून पेटीत टाकली आणि तिचे नि आपल्या वहीचे तुकडे केले. दोघांच्या फोनमधले नंबर पुसले. आता एकच प्रत. एकच जागा. एकच माणूस. त्या संध्याकाळी त्यांना शांत झोप लागली.

पौष महिना. सकाळी अंघोळीला पाणी काढताना चौगुले खाली बसले ते उठले नाहीत. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जीव वाचला, समज सगळी शाबूत. पण तोंडातून एकच शब्द यायचा — "बरं." भूक लागली, बरं. पाय दुखतो, बरं. पद्माकाकू रडायच्या, बरं.

पाच आठवडे झाले. एका दुपारी बाराच्या सुमाराला शमशाद दारात. चपला तशाच पायात.

गावच्या इस्पितळात वैजयंता लोखंडे नावाची चोवीस वर्षांची मुलगी बाळंत झाली होती. मुलगी झाली होती, गोरीगोमटी. पण रक्त थांबत नव्हतं. गट तपासला, दोनदा तपासला. बॉम्बे. नवरा धनाजी टेम्पो चालवायचा, तो दवाखान्याच्या पायरीवर बाही वर करून बसला होता, माझं घ्या म्हणत. त्याचं चालणार नव्हतं. मुंबईत एक पिशवी होती. ती निघाली तरी पोहोचायला दिवस मावळणार. डॉक्टर म्हणाले, चारपर्यंत रक्त हवं.

पद्माकाकूंनी संगणक लावला. खाट समोरच होती. चौगुल्यांना पडदा दिसत होता. पेटीनं पासवर्ड विचारला.

तो त्यांना पाठ होता, मंडळी. एकेक अक्षर डोळ्यासमोर उभं होतं. ओठ हलले.

"बरं."

"काका, अक्षरं दाखवते. बोट ठेवा."

शमशादनं कळफलक त्यांच्या छातीवर धरला. उजवा हात मेलेला. डावा उचलला, तो भलत्याच अक्षरावर पडला, मग दुसऱ्या. अक्षरं ओळखीची होती, पण नजरेसमोर धरेपर्यंत निसटत होती. या आजारात असंही होतं. पद्माकाकूंनी लग्नाची तारीख टाकली. मुलाचं नाव. कुंभोजच्या डोंगराचं नाव. दहाव्या चुकीला पेटी म्हणाली, एक तास थांबा.

एक तास. यंत्राचा काय दोष? त्याला सांगितलं होतं, कुणालाही आत घेऊ नकोस. त्यानं शब्द पाळला.

"तो चोवीस शब्दांचा कागद कुठाय, काकू?" शमशादनं विचारलं. दोघींनी कपाट उपसलं, गादी उचलली. चौगुले बघत होते. कागद कुठं आहे हे त्या घरात एकट्या त्यांना माहीत होतं. त्यांनी डावा हात उचलून पडद्याकडं केला. शमशाद म्हणाली, "हो काका, तेच उघडायचं आहे." ते पुन्हा हात करत राहिले. ती पुन्हा तेच म्हणाली. मग त्यांनी हात खाली घेतला.

शमशादला नंबर आठवेनात, माणसं आठवत होती. कवठ्याकडचा एक मेंढपाळ, डाव्या दंडावर गोंदण असलेला. तिनं त्या गावच्या सरपंचाला गाठलं. सरपंचानं देवळाच्या भोंग्यावर पुकारा केला. उत्तर आलं, मेंढरं घेऊन दिवाळीनंतरच कोकणात उतरलाय, फोन लागत नाही. दुसरी एक शिक्षिका आठवली, आडनाव आठवेना. बदली होऊन गेलेली.

साडेचारला शमशादचा फोन वाजला. तिनं ऐकलं, फोन पदरात धरला आणि चौगुल्यांच्या पायाशी बसली. चौगुले तिच्याकडं बघत होते. त्यांच्या तोंडून शब्द आला, तोच, एकच असलेला.

त्यांना तो शब्द नको होता, मंडळी. त्यांनी तो गिळायचा प्रयत्न केला. पण आला.

(एक क्षण. पाणी द्या मला.)

त्या दिवसापासून चौगुल्यांनी डावा हात सोडला नाही. पाटीवर रेघोट्या. मग गोल. मग 'ग'. पद्माकाकू पाटी धरायच्या, चिडायच्या, पुन्हा धरायच्या. सहा महिन्यांनी, श्रावणात, वाकडीतिकडी अक्षरं एका ओळीत उभी राहिली. तो पासवर्ड होता. काय होता, ते मी सांगणार नाही. तो कीर्तनात सांगायचा नसतो. शमशादला बोलावलं. पेटी उघडली.

अकरा नावं. शमशाद एकेक वाचत गेली. चौथ्या नावाला थांबली. वय एकतीस, गिरणीत कामाला. बोलावलं की येतो. पत्ता — त्याच इस्पितळामागची तिसरी गल्ली.

चालत पाच मिनिटं!

शमशाद म्हणाली, "काका, हा माणूस त्या दिवशी घरीच होता. मी त्याला ओळखते, गट तेवढा ठाऊक नव्हता; दारात बसलेला दिसला होता. सुट्टी होती त्याची."

हे तिनं बोलायला हवं होतं का? तुम्ही म्हणाल, आजारी माणसाला कशाला. मी म्हणतो, बरं केलं. खोटी दया करून ती त्यांना लहान मूल करू शकली असती. तिनं त्यांना माणूस राहू दिलं.

चौगुल्यांनी पाटी मागितली. डाव्या हातानं तक्ता काढला. रकाना एकच. वर लिहिलं — मी नसताना कोण? खाली दोन नावं, शमशाद आणि पद्मा. त्याच आठवड्यात सगळी यादी त्या रुक्ष सॉफ्टवेअरमध्ये गेली. किल्ल्या तीन. चोवीस शब्दांसारखा जो कागद निघाला तो पाकिटात घालून, लाखेनं बंद करून, रक्तपेढीच्या तिजोरीत. कुलूप तसंच राहिलं. दलाल आजही बाहेरच आहे.

आणि धनाजी? तो दरवर्षी मुलीच्या वाढदिवशी रक्त देऊन जातो. चौगुल्यांच्या घरी एकदाच आला. खाटेजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "तुमच्याकडं होतं. एवढंच मला झोपू देत नाही." रागावून नाही, नुसतं सांगितलं. आणि गेला.

तर आता उत्तर द्या. राखणदार, की चोर?

खाली बघू नका. चौगुल्यांना दगड मारायला मी तुम्हाला बसवलं नव्हतं. त्यांनी बावीस रकाने तरी आखले होते. तुम्ही एक तरी आखलाय? तुमच्या फोनात जमिनीचे कागद, आईच्या औषधांची चिठ्ठी, पोराच्या शाळेचा पासवर्ड, वडिलांचा आवाज — सगळं तुमच्या अंगठ्यामागं. अंगठा थंड पडला की यंत्र ओळखत नाही बरं का! घरची बाई विचारते, काय ठेवलंय कुठं, तर आपण म्हणतो, तुला काय करायचंय. तिला काहीच करायचं नाही. तुमच्यामागं तिलाच सगळं करायचं आहे.

आरतीची ताटं थांबवा. गुरवबुवा, पुढं या. या गाभाऱ्याच्या कुलपाला किल्ल्या किती?

दोन.

ऐकलंत? दुसरी कुणाकडं?

पंचांकडं.

का हो, तुमच्यावर गावाचा विश्वास नाही?

बघा, हसले. तुमच्या आज्याच्या वेळेपासून दोन आहेत ना? गावानं गुरवावर विश्वास ठेवला, आणि गुरव मरणार हेही लक्षात ठेवलं. त्यात कुणाचा अपमान झाला नाही. देव कधी कोंडला गेला नाही.

आता डोळे मिटा. मी नसताना कोण? एक नाव मनात आणा. ज्यांना आलं त्यांनी घरी जाऊन जेवायच्या आधी त्या माणसाला सांगा. ज्यांना आलं नाही, त्यांनी आरतीला टाळी वाजवू नका. उभे राहून नाव शोधा.

लावा निरांजन.